‘हं’ म्हनू तं दे!

तांडापेठेतल्या त्या घराचा वरचा मजला मला भाड्याने मिळाला तो वाचनाची परीक्षा देऊन. खोटं सांगत नाही. घरमालक काका ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर अकरा महिन्यांचा करारनामा होता. मी उभ्या उभ्या त्यावर नजर फिरवली, पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, सही कुठं करू?

"पयले वाच," काका म्हणाले.

"वाचला ना काका."

"कवा वाचला? मले तं ऐकू नाही आला."

मी काटोलची. तऱ्हेवाईक माणसं आमच्याकडेही कमी नाहीत, पण हा नमुना नवा होता. ऊन डोक्यावर आलेलं, सामानाचा टेम्पो गल्ली अडवून उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारून राहिलेला. तरी वाचला बापडीने. मोठ्याने, पहिल्या ओळीपासून. प्रत्येक वाक्य संपलं की काका "हं" म्हणायचे आणि मगच मला पुढे जाऊ द्यायचे. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. हं. गच्चीवर वाळवण घालायला हरकत नाही. हं. एका कलमाला मी घाई केली आणि त्यांच्या हुंकाराआधीच पुढच्या वाक्यात शिरले, तर त्यांनी हात वर करून मला मागे आणलं. सगळं संपल्यावर म्हणाले, "वाचतं तू बरी. फक्त दम धरत नाही."

त्यांच्यामागे दार उघडं होतं. आत दिवाणावर काकू बसल्या होत्या. पांढरे केस चापूनचोपून विंचरलेले, उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिलेला. मी वाचत होते तोवर त्यांनी डोळे मिटले होते. मी थांबले तसे उघडले. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली.

"तिले बोलता नाही येत," काका म्हणाले. "लकवा मारला. ऐकू येते, समजते सगळं. तोंडापाशी येऊन अडते."

हे त्यांनी पाण्याची मोटर कधी चालू करायची हे सांगावं तशा सुरात सांगितलं आणि मला किल्ली दिली.

काकांना वाचता येत नव्हतं असं मात्र कोणी समजू नये. चौथी पास होते. सही अशी की बघत राहावं. नजर तर विचारूच नका, चौकात उभ्या असलेल्या बसवरची पाटी ओट्यावरून वाचायचे. उंच, सडसडीत, आयुष्यभर हातमागावर वाकून मान जरा पुढे आलेली. चष्मा होता, तो कायम कपाळावर. पण कागद हातात आला की तो कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यायचा, हा त्यांचा हट्ट. "डोळ्यानं पाह्यला तं तो पाह्यला म्हनावं," ते म्हणायचे. "वाचला कुठं? डोळे धाग्यासाठी असतात. वाचाले कान हायेत ना देवानं देलेले." दोन वेळा मी वाद घातला, तिसऱ्यांदा हात टेकले.

तर हे कान घेऊन काका रोज संध्याकाळी जिना चढून वर यायचे. विजेचं बिल, औषधाच्या डबीतली घडी केलेली चिठ्ठी, भाचीच्या दिराच्या लग्नाची पत्रिका, नगरसेवकाचं पत्रक. माझी नोकरी विमा कंपनीत, फोनवर. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि गोड बोलायचं. घरी आले की मला भिंतीसारखी शांतता हवी असायची. आणि दारात काका उभे. "पोरी, हे जरासं वाच न वं."

एके दिवशी मी तडकलेच. त्यांचा फोन त्यांच्या हातातून घेतला, त्यांच्या बाहेरगावच्या मुलीने पाठवलेला चांगला मोठा फोन होता तो, आणि त्यात वाचून दाखवायची सोय चालू करून दिली. "हे बघा काका. कागदाचा फोटो काढायचा. इथं दाबायचं. हा तुम्हाले वाचून दाखवते. पत्रिका, बिल, काय पायजे ते. पण आता मले सोडा."

काकांनी बिलाचा फोटो काढला, दाबलं. फोनमधून एक बाई बोलायला लागली. ग्राहकाचे नाव, देयकाचा दिनांक, भरणा न केल्यास वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. काकांचा चेहरा असा फुलला, जसा पोटभर जेवलेल्या माणसाचा. "हं," ते म्हणाले. "हं. हं." आणि मग एकदम ओरडले, "थांब ना वं! ‘हं’ म्हनू तं दे!"

बाई कसली थांबते! ती थेट देयकाच्या पाठीमागच्या सूचनांपर्यंत पोचली होती.

त्या दिवसापासून माझी सुटका झाली म्हणता? अहो, कसलं काय! आधी संध्याकाळचा तेवढा त्रास होता, आता दिवस उजाडल्यापासून खालून ती फोनवाली सुरू. काकांनी तिचा आवाज होता तेवढा मोठा करून ठेवला होता, कारण मागाच्या खटखटाटात त्यांचे कान तयार झालेले. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी सुप्रभात धाडलं की त्यातल्या चित्रांसकट सगळ्या गल्लीला ऐकू यायचं, उगवता सूर्य, उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, जोडलेले हात. आणि प्रत्येकाला काकांचं "हं." शोकसंदेश आणि साड्यांच्या सेलची जाहिरात ती बाई एकाच सुरात वाचायची. काकांना ते फार लागायचं. "मानूस मेला तरी हिले काही नाही," ते म्हणायचे. "मार वाचत सुटली." मग त्यांनी मला तिचा वेग कमी करायला लावला. तरी ती हुंकारासाठी थांबेना. शेवटी त्यांनी स्वतःच युक्ती काढली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी अंगठ्याने तिला थांबवायचं, "हं" म्हणायचं, पुन्हा चालू करायचं. विणकराचा अंगठा तो, चुकतो कुठला.

एकदा मी त्यांच्यासोबत बँकेत गेले होते. साधा फोन नंबर खात्याला जोडायचा होता, काउंटरवरच्या पोराने कागद पुढे केला आणि बोटाने सहीची जागा दाखवली. काकांनी फोटो काढला. मी कपाळाला हात लावला. बाई सुरू झाली, मागे ही लांब रांग. लोक चुळबुळले, एकाने "अरे यार काका" म्हटलं. काकांचं आपलं अंगठा, हं, अंगठा, हं. मागे एक फेटेवाले बुवा होते, पारशिवनीकडचे, त्यांनी पण मान डोलवत "हं" सुरू केलं. मग त्यांच्यामागच्या बाईने. कागद संपेपर्यंत अर्धी रांग हुंकार देऊन राहिली होती. सही करून बाहेर आल्यावर मी म्हटलं, काका, काय निघालं त्यात? "काही नाही," ते म्हणाले. "चांगला कागद होता."

हा हुंकार कुठून आला ते मला एका रविवारी कळलं. रविवारी काका चौकातून तर्री-पोहे आणायचे, माझ्यासाठीही आणायचे, आणि मी खाली ओट्यावर बसून खायची. त्या दिवशी त्यांनी मला घरामागची लांब खोली दाखवली. आता तिथं फरशी घातलेली आणि गल्लीतल्यांच्या स्कूटर उभ्या असतात. पूर्वी तिथं माग होते. काका, त्यांचे भाऊ, शेजारचे दोघं-तिघं, सगळे दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचे. कानात एकच खटखट. काकू माहेरच्या खाप्याच्या, घरात सातवी शिकून आलेली पहिली सून. सासरा म्हणाला, हिचं शिक्षण वाया कशाला घालवायचं? तिला दाराशी स्टूल टाकून दिलं आणि पेपर हातात दिला. तेव्हापासून काकू सकाळी पेपर वाचायच्या आणि दुपारी कादंबरी, वाचनालयातून आणलेली. मागांच्या वर आवाज चढवून.

"आवाज कसा व्हता, सांगू?" काका म्हणाले, आणि सांगता येईना म्हणून नुसता हात वर नेला.

तिथला नियम असा. वाक्य संपलं की विणणाऱ्यांनी "हं" म्हणायचं. म्हणजे माझा धागा शाबूत आहे, माझं लक्ष आहे, पुढे चल. धागा तुटला की विणकराचं चित्त त्यात जातं, तो "हं" म्हणत नाही. मग काकूंनी शब्दावर बोट ठेवून थांबायचं आणि विचारायचं, "तुटला?" तिकडे धागा जोडला जायचा, गाठ बसायची, "जोडला. हं," म्हणून उत्तर यायचं, की वाचन पुढे. एकासाठी सगळे थांबायचे, कादंबरी कितीही रंगात आलेली असो. आणि एवढ्या खटखटाटात, एवढ्या गळ्यांत, कुणाचा "हं" आला नाही हे काकूंना बरोबर कळायचं.

"कोनाची गोष्ट सुटली नाही पायजे," काका म्हणाले. "ते फोनवाली काय समजते?"

मी आत पाहिलं. काकू दिवाणावर बसून आमच्याकडेच बघत होत्या.

त्यांना बोलतं करायला एक मुलगी यायची. शिकलेली, गोड पोरगी. चित्रांची कार्डं आणायची. आंबा. घर. मांजर. म्हणा आजी, मां-ज-र. काकू भिंतीकडे तोंड करायच्या. जिने अख्खं मागघर कादंबरीत बुडवून ठेवलं, तिला हे मांजर म्हणायला लावतात! मलाच संताप यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिल्या वर्षात यायचं तेवढं येतं, नंतर फार आशा धरू नका. वर्ष उलटून गेलं होतं. काकांनी हे मला सांगितलं नाही, त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. काकांनी फक्त वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली, पानं सुटत आलेली, आणि दुपारी काकूंजवळ बसून फोनवालीकडून वाचून घ्यायला लागले. पानामागून पान फोटो काढायचे. ऐकून तरी तिची जीभ सुटेल, असं त्यांच्या मनात.

काकूंना ती फोनवाली डोळ्यासमोर नको होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी डाव्या हाताने फोन भिरकावला, तो पाण्याच्या बादलीत पडता पडता वाचला. "सवत वाटून राहिली तिले," काका हसून म्हणाले. पण कादंबरी सुरू झाली की काकू हलायच्या नाहीत. चीड बाईची, ओढ गोष्टीची. गोष्ट होती एका सुनेची, ती ट्रंक घेऊन सासर सोडून निघते. खरं सांगते, मीही सुट्टीच्या दिवशी जिन्यात बसून ऐकायची.

मग एका सकाळी मी ऑफिसला निघाले तर काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. हातात फोन, बंद केलेला.

"काय झालं काका?"

"पोरी," ते म्हणाले, "काल बसल्या बसल्या तिचा आवाज आठवून पाह्यला. ते पेपर कशी वाचे, बाजारभाव कशी म्हने. पाह्यला आठवून, तं ही फोनवालीच बोलली."

मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले.

"तिच्या गळ्यातला गेला तं गेला. म्या म्हटलं, माह्या कानात हाये ना. लय वर्सं ठेवला व्हता वं कानात. आता तोही चालला." त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "सारा दिवस हिले ऐकून राहिलो ना म्या. पुसून टाकला हिनं."

मी विचारलं, कुठं रेकॉर्ड नाही का काही, एखादा व्हिडिओ? होता. मुलीच्या लग्नाचा. त्यात काकू हिरवा शालू नेसून पाहुण्यांशी बोलताना दिसतात, ओठ हलतात, हसतात, हातवारे करतात. आणि वरून सगळा बँडच बँड. काकांनी तो पुष्कळदा लावून पाहिला होता.

त्या दिवसापासून फोन बंद. कागद आले की काका ते खिडकीत वजनाखाली ठेवून द्यायचे, न वाचलेले. मला पाहिजे होती ना शांतता, घे आता! संध्याकाळी घरी यायची, तर खालून चमच्याचा आवाज नाही की भांड्याचा. मीच खाली जाऊन म्हणायची, काका, बिल आलं का, वाचून देऊ का? "राहू दे," ते म्हणायचे. माणूस हट्टी असतो तेव्हा बरा असतो हो. हट्ट सोडला की बघवत नाही.

आणि कादंबरी अर्ध्यात पडलेली. ती सून नदीच्या काठावर ट्रंक घेऊन बसलेली, नाव येऊन लागली आहे, नावाडी खाली उतरला आहे, आणि फोनवाली तिथंच बंद झालेली.

रविवारी मला राहवलं नाही. काका पोहे आणायला गेले होते. मी खाली गेले, कपाटावरून कादंबरी काढली आणि काकूंच्या दिवाणावर जाऊन बसले. म्हटलं, "काकू, मी वाचते. मी फोन नाही. मले पण पुढचं ऐकायचं हाये." खूण घातलेलं पान काढलं. तोंड उघडणार, तोच त्यांचा डावा हात पानावर येऊन पडला.

मला वाटलं, नको म्हणताहेत. मी पुस्तक मिटायला गेले. पण हात उचलेना. तसाच पानावर राहिला, मग एक बोट सरळ झालं आणि ओळीवरून सरकायला लागलं. वर गेलं, खाली आलं, एका शब्दापाशी थांबलं. काकूंचे ओठ हलले. कपाळाची शीर फुगली.

"ना," त्या म्हणाल्या. "ना. नाव. नावा..."

दारात चप्पल वाजली. काका आले होते, हातात पोह्यांचा डबा. ते उंबऱ्यातच थबकले.

"नावाडी," काकू म्हणाल्या. बोट पुढच्या शब्दावर. केवढा वेळ गेला. "म्ह... म्हणाला." पुन्हा वेळ. घामाने त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. "बाई. सा. सामान. उचला."

मला रडू फुटलं, सांगायला लाज कसली? तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. जाडा होता, घोगरा, खोल आडातून पाण्याची बादली ओढून काढावी तसा वर आलेला. मागांच्या वर चढणारा तो नव्हे. पण त्या फोनवालीचाही नव्हे.

वाक्य संपलं आणि काकू थांबल्या. बोट शेवटच्या शब्दावर तसंच. मला वाटलं, थकल्या. बस झालं काकू, आता आराम करा, असं मी म्हणणारच होते. मग पाहिलं तर त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, दाराकडे बघत होत्या.

दारात काका. विजेच्या बिलाला हं म्हणणारा, उगवत्या सूर्याला हं म्हणणारा माणूस, पण आता त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. डबा छातीशी धरलेला, डोळ्यांतून धारा. तोंड उघडायचे आणि मिटायचे.

काकू वाट बघत राहिल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी बोटाने पानावर टकटक केलं, आणि पुस्तकात कुठंच नसलेला शब्द बोलल्या. अडखळल्या नाहीत.

"तुटला?"

काकांनी बाहीने तोंड पुसलं.

"नाही वं," ते म्हणाले. "जोडला. हं."

काकूंचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.